बदलापूर गावातून कॅल्क्युलस : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. कॉलेज मुंबईत, घर बदलापूर गावात आणि वेळापत्रकात सकाळच्या पहिल्याच तासाला 'एम-वन', म्हणजे गणिताचा पहिला पेपर. पेढे वाटले नसतील तर अर्धेच वाटा. उरलेले निकालाच्या दिवशी लागतील, किंवा लागणार नाहीत.

साहित्य : लोकलचा तिमाही पास. दोनशे पानी वही. कुंभोजकरांचं पुस्तक, पण नवं नको, गल्लीतल्या एखाद्या दादाचं वापरलेलं आणा. त्याच्या पहिल्या प्रकरणात पेन्सिलीच्या खुणा दाटीवाटीने असतात आणि शेवटची प्रकरणं कोरी करकरीत असतात, त्यावरून दादाचं पुढे काय झालं ते न विचारता कळतं. शिवाय एक आजी. आजी कशाला, ते शेवटच्या पायरीत सांगितलं आहे.

पायरी १ : भाषा

विश्वकोशात या विषयाची नोंद 'अवकलन व समाकलन' या नावाने आहे. हे शब्द वर्गात उच्चारू नयेत, शेजारचा घाबरतो. वर्गात फळ्यावर इंग्रजी असतं, समजावणं हिंदीत होतं आणि शंका मराठीत येते, तीही मनातल्या मनात. म्हणून 'डेरिव्हेटिव्ह' आणि 'इंटिग्रेशन' म्हणा. पहिल्यात एखादी गोष्ट क्षणाक्षणाला किती बदलते ते काढायचं आणि दुसऱ्यात ते सगळे बदल गोळा करून एकूण किती झालं ते पाहायचं. संपलं. बाकीचं सत्र हे दोन शब्द सोडून इतर सगळ्या गोष्टी शिकवण्यात जातं.

पायरी २ : लिमिट

याचा सराव लोकलमध्येच करावा. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटला जी जागा मिळते तिला गणितात एप्सिलॉन म्हणतात. ती कितीही लहान असू शकते, पण शून्याहून मोठी असते. ती मिळावी म्हणून आधीच्या तिघांनी जेवढं सरकायचं, तो डेल्टा. तुम्ही कितीही छोटी एप्सिलॉन मागा, तिला पुरेसा डेल्टा सापडतोच, असं दाखवता आलं की लिमिट आहे असं समजावं. तिघांपैकी एकजण डोळे मिटून बसला, तर लिमिट नाही. मुकाट्याने दाराशी उभं राहावं.

पायरी ३ : वेग

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अंतर ६८ किलोमीटर. समजा गाडी दीड तासात पोचली, तर सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटरच्या थोडा वर. मध्यमान प्रमेय सांगतं की वाटेत निदान एका क्षणी गाडी नेमक्या त्याच वेगाने धावत होती. तो क्षण विठ्ठलवाडीला होता की विक्रोळीला, ते मात्र सांगत नाही. प्रमेयाला क्षणाच्या अस्तित्वाशी मतलब, पत्त्याशी नाही.

इथे नवशिक्यांचा एक ठरलेला अपघात होतो. डीवाय बाय डीएक्समध्ये वर 'डी', खाली 'डी' दिसतो आणि हात आपोआप दोन्ही कापतो. कापू नका. तो अपूर्णांकातला अंक नाही.

पायरी ४ : अधिक सी

इंटिग्रेशनच्या उत्तराशेवटी 'अधिक सी' लिहायचं विसरलं की गुण जातो. हा सी कोण, असं मुंबईचा मुलगा विचारतो. बदलापूरकराने विचारू नये. सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत आपण पहिले चढलो अशा समजुतीने आत शिरावं, तर खिडक्या आधीच गेलेल्या असतात. अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी उलटी बसून येतात, त्यांना 'रिटर्नवाले' म्हणतात. प्रत्येक स्टेशनावर किती चढले, किती उतरले याचा तुम्ही चोख हिशेब ठेवला, तरी डब्यात एकूण माणसं किती ते सांगता येत नाही. हिशेब सुरू होण्याआधी कितीजण बसलेले होते, ते कळलं पाहिजे. तोच सी. बेरीज फक्त बदल सांगते, सुरुवात सांगत नाही.

पायरी ५ : अभिमान

१६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडलं. न्यूटन आपल्या गावी जाऊन बसला आणि तिथे त्याने कॅल्क्युलसचा पाया घातला. गावात राहून हा विषय येत नाही, असं कुणी म्हटलं तर हे सांगावं. न्यूटनच्या गावाला लोकल नव्हती, हे सांगू नये. पुढे १६८४ मध्ये लायबनित्सने आपली रीत छापून टाकली आणि आधी कुणी शोधलं यावरून दोन्हीकडची मंडळी वर्षानुवर्षं भांडली. जमिनीच्या दाव्यात निदान सातबारा तरी असतो.

आपल्याकडे ११५० मध्ये, म्हणजे शेजारच्या अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहून नव्वद वर्षं झाली तेव्हा, भास्कराचार्यांनी छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणि' लिहिला. चंद्राची गती इतकी बदलती की दिवसभराची सरासरी घेऊन भागत नाही, त्या क्षणाची गती हवी, असं त्यांनी ओळखलं आणि तिला तात्कालिक गती म्हटलं. १२०७ मध्ये त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तसा शिलालेखच आहे. महाराष्ट्रात गणिताच्या क्लासची परंपरा किती जुनी आहे, ते यावरून कळतं. ही माहिती लग्नकार्यात मामांना सांगावी. उत्तरपत्रिकेत लिहू नये, तिला गुण नाहीत.

पायरी ६ : परीक्षा

आदल्या रात्री 'आयएमपी' प्रश्नांची झेरॉक्स फिरते. घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. तीही कुणीतरी आदल्याच रात्री बनवलेली असते. गुणाकाराचं इंटिग्रेशन आलं की 'आयलेट' पुटपुटावं. उत्तर चुकलं तरी पायऱ्या लिहाव्यात, पायऱ्यांना गुण असतात. आणि तरीही केटी लागलीच, तर उरलेल्या पेढ्यांचं काय करायचं ते घरच्यांवर सोडावं.

पायरी ७ : आजी

जुलैचा पाऊस. उल्हास नदी फुगली आहे. इशारा पातळी १६.५० मीटर, धोक्याची १७.५०. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पाण्यात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे १०५० प्रवाशांना सोडवावं लागलं. त्यामुळे पुढचे प्रश्न गावात कुणी गुणांसाठी विचारत नाही.

आजी ओट्यावरून विचारते, "पाणी कुठवर आलं रे?" हे फंक्शन. लगेच दुसरा प्रश्न, "चढतंय का उतरतंय?" हा डेरिव्हेटिव्ह. तुम्ही "चढतंय" म्हणालात की तिसरा, "मघासारखंच झपाट्यानं, का दम धरलाय?" हा दुसरा डेरिव्हेटिव्ह.

समजा दहा वाजता पाणी १६.५० मीटरवर होतं, अकराला १६.९०, बाराला १७.१०, एकला १७.२०. वाढ चाळीस सेंटीमीटर, मग वीस, मग दहा. दर तासाला वाढ अशीच निम्मी होत राहिली, तर पाणी १७.३० च्या जवळ जवळ जात राहील, ओलांडणार नाही. धोक्याच्या खुणेखाली वीस सेंटीमीटर. हे लिमिट झालं, आणि त्यात चौथ्या सीटचा संबंध नाही.

आजी आकडेमोड न करता म्हणेल, "दम धरलाय म्हणजे थांबेल. पण वर पाऊस वाढला तर सांगता येत नाही." हे शेवटचं वाक्य वहीत उतरवून घ्या. अशीच निम्मी होत राहिली तर, हे गृहीतक आहे, आणि गृहीतक तपासायचं असतं, हे पुस्तकात बारीक टायपात दिलेलं असतं.

तेव्हा पेपरात अडलात तर सूत्र आठवत बसू नका. आधी विचारा : कशाच्या मानाने काय बदलतंय, किती झपाट्याने, आणि सुरुवातीला किती होतं? निम्मा पेपर तेवढ्यात सुटतो. आणि वाढ निम्मी झाली नाही, तर सगळ्यात आधी कुंभोजकर माळ्यावर टाका. ते दादाला परत करायचं आहे. त्याची केटी अजून राहिली आहे.