अर्थिंगकाका

भर दुपारी गच्चीवर उभं राहून सूर्याकडे संशयाने बघणारा माणूस माटुंग्यात एकच असेल. अर्थिंगकाका. हे नाव त्यांना सोसायटीने चिडून ठेवलं आणि त्यांनी ते पदवी मिळावी तसं स्वीकारलं.

काकांची उभी हयात रेल्वेच्या इलेक्ट्रिकल खात्यात गेली. मुंबईत 1925 साली विजेची लोकल सुरू झाली ती 1500 व्होल्ट डीसीवर. पुढे तिच्या जागी 25 हजार व्होल्टची एसी आली. एप्रिल 2016 मध्ये हार्बरवर शेवटची डीसी लोकल धावली, त्या रात्री काका जेवले नाहीत. "एसी सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझते," ते सांगतात. "डीसीचं तसं नाही. एकदा पेटली की पेटली. फार करारी बाई!" त्यामुळे सोसायटीत सोलर बसणार आणि पॅनेलमधून डीसीच निघते, हे कळल्यावर काकांनी सगळ्या कमिटीला स्वतःच्या पैशाने फिल्टर कॉफी पाजली. कमिटीला वाटलं, चला, एक मत मिळालं.

सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींचा जीव अनुदानात अडकलेला. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी सोसायट्यांना किलोवॅटमागे 18 हजार रुपये मिळतात, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग उत्साहाच्या भरात म्हणाले, "आता लाइट गेली तरी आपली लिफ्ट चालू!" टाळ्या पडल्या. काका उठले.

"नाही चालणार."

"अहो, असं कसं? ऊन तर असेल ना?"

"12 ऑक्टोबर 2020 आठवतो? दिवसाढवळ्या अख्खी मुंबई बंद पडली होती. तेव्हा ही पॅनेलं असती तरी लिफ्ट होती तिथेच लटकली असती." बेस्टची लाइन गेली की ग्रिडला जोडलेल्या, बॅटरी नसलेल्या इन्व्हर्टरने आपोआप बंद व्हायचं, असा नियमच आहे. नाहीतर रस्ता खणून केबल जोडणाऱ्या वायरमनला आमच्या गच्चीवरची वीज उलटी जाऊन मारेल. सभेला हे पटलं, पण आवडलं नाही. ठराव मंजूर झाला. काका तटस्थ राहिले. त्यांनी वायरिंगचा नकाशा पाहिलेला नव्हता.

मग कंत्राटदाराचा पोरगा आला. बिचारा. काकांनी त्याच्या हातातली एमसीबी घेतली, चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरं वाचली आणि परत केली.

"बाळा, ही एसीची."

"अंकल, ब्रँडेड आहे. कुछ नहीं होता."

'कुछ नहीं होता' या तीन शब्दांवर काका दोन तास बोलू शकतात, आणि बोललेही. सार एवढंच, की सूर्याला मेन स्विच नसतो. खालून सगळं बंद केलं तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडच्या वायरीत शेकडो व्होल्ट उभेच, आणि ती ठिणगी तोडायला डीसीचीच एमसीबी लागते. पोराने ती बदलली. मग काकांना कनेक्टर दिसले: मेल एका कंपनीचा, फीमेल दुसऱ्या कंपनीची. "वरून जमल्यासारखं दिसतं. आत सैल राहतं, तापतं आणि एक दिवस पेटतं. हे लग्न मोडा." तेही मोडलं. आता तो पोरगा दुसरीकडच्या कामांवरूनही काकांना फोन करतो, ही गोष्ट वेगळी.

खरा तंटा अर्थिंगचा. काका खडू घेऊन कंपाउंडात उतरले आणि त्यांनी तीन वर्तुळं काढली. एक डीसीचं, एक एसीचं, एक आकाशातल्या विजेचं. तिसरं नेमकं खजिनदारांच्या गाडीखाली आलं. "एका खड्ड्यात भागत नाही का?" खजिनदारांनी विचारलं. काकांनी आयएस 3043 चा झेरॉक्स काढला. तो त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो. बाकीचे लोक तिथे रेल्वेचा पास ठेवतात. गाडी हलली. पुढे रीडिंग पाच ओहमच्या खाली आलं तरी काका खूश नाहीत. "पावसात काय, कुठलीही जमीन चांगलंच रीडिंग देते. मे महिन्यात परत मोजू."

बेस्टचा माणूस नेट मीटरसाठी तपासणीला आला तो काकांचा सणाचा दिवस. मेन बंद केला की इन्व्हर्टर दोन सेकंदांत पडायला हवा; काका स्टॉपवॉच घेऊन उभे. तो पडला. टाळ्या वाजवणारे एकटे काकाच.

राहिली पाटी. 250 व्होल्टच्या वर कवटी-हाडांचं चित्र आणि धोक्याची सूचना हवी, तीही हिंदी किंवा इंग्रजीत आणि शिवाय जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत. आता माटुंग्याची स्थानिक भाषा कोणती, यावर कमिटीच्या दोन बैठका झाल्या. नियमाने मराठी, हे काकांनी ठणकावून सांगितलं आणि मग पदरचे पैसे घालून खाली तमिळ आणि गुजरातीही रंगवून घेतली: 'ऊन असेपर्यंत वायरींना हात लावू नये.'

तिसऱ्या मजल्यावरच्या मामी वडामांचं ताट घेऊन वर आल्या. पाटी त्यांनी चारही भाषांत वाचली.

"काका, मग वडाम रात्री वाळत घालू का?"

काकांनी खिशातला झेरॉक्स काढला आणि पानं उलटायला लागले.