गाडीला चढ लागत नाही

सायकलवरून लांब जायचं ठरलं की आधी मोटार शोधावी लागते. आमच्या ग्रुपने पुणे ते गोवा, तेही हायवे सोडून सागरी मार्गाने, असा बेत आखला आणि पहिला वाद झाला तो ‘पाहणीला कुणाची गाडी काढायची’ यावरच. ज्यांच्या गाडीचा एसी बरा चालतो, त्यांची निवड एकमताने झाली.

आमची मंडळी पन्नाशीच्या अलीकडची-पलीकडची. रविवारी पहाटे बोपदेव घाट चढायचा आणि चढल्याबद्दल सासवडला जाऊन मिसळ खायची, याला आम्ही सराव म्हणतो. या सरावाने कुणाचं वजन उतरल्याचं ऐकिवात नाही. मिसळीबद्दलची मतं मात्र पक्की झाली आहेत.

पाहणी पथकात आमचे लीडर, निवृत्त इंजिनियर काका, गाडीचे मालक असलेले बँकवाले आणि मी. सायकल एकाचीही बरोबर नव्हती. डिकीत काकूंनी दिलेले डबे होते, त्यामुळे प्रश्नच मिटला. ताम्हिणी घाट उतरून माणगावला चहा घेताना लीडरने वहीत पहिली नोंद केली : ‘घाट संपला. पुढे गोव्यापर्यंत सपाट.’

समुद्र सपाट, म्हणून समुद्राकाठचा रस्ताही सपाट, ही घाटावरच्या माणसाची जन्मजात समजूत. प्रत्यक्षात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राला मिळताना लांबरुंद खाड्या करून ठेवतात आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा उंच सडा पसरलेला असतो. गाव खाली पाण्याशी, रस्ता वर सड्यावर. गावात जायचं तर उतरा, गाव सोडायचं तर चढा. मोठ्या घाटात माणूस एकदाच काय ते रडून मोकळा होतो. इथे थोडं थोडं, हप्त्याहप्त्याने रडावं लागतं.

हे गाडीला कळत असतं, पण ती बोलत नाही. काचा वर, आशाताईंची गाणी चालू, मागच्या सीटवर शेंगदाण्याचा लाडू फिरतोय. जयगडच्या जेटीवरून वर निघालो तेव्हा बँकवाल्यांनी मुकाट्याने पहिला गिअर टाकला. काकांनी मोबाईलमधलं उतार मोजायचं अ‍ॅप उघडून फोन डॅशबोर्डवर ठेवला, चष्मा वर करून आकडा वाचला आणि फोन खिशात घातला. आकडा किती, हे त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. वहीतली नोंद अशी : ‘जयगड. डांबर चांगलं. दृश्य सुंदर.’

त्या वहीचा पुढे मी बारकाईने अभ्यास केला. हॉस्पिटल कुठे, याला अर्धी ओळ. पाणी कुठे मिळेल, याला एक ओळ. गुहागरला सुरमईची थाळी कुठे घ्यावी आणि मालवणात सोलकढी पुन्हा मागितल्यावर कोण कपाळाला आठ्या घालत नाही, याची सविस्तर पानं. हर्णैच्या पानावर तर तेलाचा डागही आहे, म्हणजे नोंद जागेवरच केलेली.

फेरीबोटी हा या मार्गाचा एकमेव खरोखर सपाट भाग. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, शेवटी तेरेखोलहून केरीला. दाभोळला बोट चुकली तर चिपळूणवरून वळसा, म्हणून बोटींच्या वेळा काकांनी नीट उतरवून घेतल्या. अडचण बोटींची नाहीच, अडचण ‘ग्रुप’ या कल्पनेची आहे. आमच्यात एकाने ब्रेव्हे केलेली आहे, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत. तो पहिल्या बोटीने पलीकडे जाऊन नाश्ता करून फोटो टाकणार, आणि आमचे काही सदस्य तेव्हा मागच्या चढावर सायकल हातात धरून ‘जरा निसर्ग बघत’ चालत असणार. एकत्र निघणं आणि एकत्र जेवणं एवढंच ग्रुपला शक्य असतं. मधलं ज्याचं त्याने बघायचं.

दाभोळच्या धक्क्यावर एका मासेवालीने चौकशी केली.

“किती जण येणार?”

“अठरा.”

“सायकलीवरून? मग ही गाडी?”

“ही नुसती रस्ता बघायला.”

तिने पाटी डोक्यावर घेतली. “बघून झाला ना? मग हिच्यातूनच या की!”

लीडरने हे वहीत लिहिलं नाही.

परतल्यावर तयारीचा दुसरा अंक : पंक्चरचा वर्ग. काकांच्या हॉलमध्ये, सतरंजी अंथरून. ट्यूब काढणं सगळ्यांना जमलं, टायर परत रिंगमध्ये बसवताना निम्म्यांची बोटं सोलली. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा असतो, नाहीतर तोच बाभळीचा काटा नवी ट्यूबही फोडतो. काकांनी तो शोधून चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढा. काकू म्हणाल्या, “एवढ्यासाठी माझी सतरंजी काळी केलीत?”

आणि एक. आपल्या महागड्या सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व बारीक, प्रेस्टा जातीचा. कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातला पंप त्याला बसत नाही आणि त्या मापाची ट्यूबही तिथे नसते. दुकानातले मामा तुम्हाला आपुलकीने अठ्ठावीस इंची काळ्या सायकलची ट्यूब दाखवतील, चहाही पाजतील, पण हवा काही जाणार नाही. पितळी अ‍ॅडाप्टर खिशात असेल तर मात्र जाईल. सायकलवर लाख रुपये घालणारा माणूस नेमका हाच विसरतो.

तर मोहीम जानेवारीत आहे. ऊन चढायच्या आत निम्मं अंतर काटायचं, म्हणून उजाडता उजाडता निघणार. एक-दोन जागा शिल्लक आहेत, यायचं असेल त्यांनी लीडरना कळवावं. दोन ट्यूब, अ‍ॅडाप्टर आणि मागचा लाल दिवा ज्याचा त्याने आणावा. थाळ्यांची यादी पाठवली जाईल. चढांची मागू नये.