बिनपगारी रविवार

आठवडाभर खुर्चीत बसून आकडेमोड केल्यावर रविवारी माणसानं काय करावं? मटण आणावं, जेवावं आणि पेपर तोंडावर घेऊन झोपावं. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं होतं. मग घरात आधुनिक बोर्डगेम शिरले. आता रविवारी मी शेती करतो, मसाल्याचा व्यापार करतो, साथीचे रोग आटोक्यात आणतो आणि वेळ उरलाच तर वीजनिर्मिती केंद्रं चालवतो. पगार नाही. उलट या नोकऱ्या विकत घ्याव्या लागतात, आणि परदेशातून मागवल्या तर वर सीमाशुल्क.

आमच्या लहानपणी एवढे कष्ट नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळायचो तेव्हा मुंबईसुद्धा विकत घेता यायची. त्या खेळाचं मूळ अमेरिकेत. १९०४ साली एलिझाबेथ मॅगी या बाईंनी एका खेळाचं पेटंट घेतलं. जमीनमालक बसल्या जागी भाडं खाऊन कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे भिकेला लागतात, हे लोकांना कळावं हा त्यांचा हेतू. लोकांना ते इतकं नीट कळलं की जो तो भाडं खायला बसला, आणि पुढे त्यातूनच ‘मोनोपॉली’ झाला. पण त्या खेळात एक मोठी सोय होती. दिवाळं निघालं की उठून पन्हं प्यायला जाता यायचं.

ही सोय जर्मन पद्धतीच्या खेळांनी काढून टाकली. या खेळांत सहसा कुणी मध्येच बाद होत नाही. म्हणजे हरतोय हे पहिल्या अर्ध्या तासात कळलं, तरी पुढचे दोन तास हजेरी भरावीच लागते. या सगळ्याला जगभर चालना दिली ती ‘कटान’नं. तो १९९५ साली आला आणि त्याच वर्षी जर्मनीतला ‘वर्षातला सर्वोत्तम खेळ’ हा मानाचा पुरस्कार घेऊन गेला. त्याचे कर्ते क्लाउस टॉयबर. दिवसा हे गृहस्थ दंततंत्रज्ञ म्हणून राबायचे आणि त्या कामाचा शीण घालवायला घरी तळघरात बसून खेळ रचायचे. त्यांचा शीण गेला. आता आम्ही चार सुशिक्षित माणसं रात्री साडेअकरा वाजता ‘एक मेंढी घे, पण वीट दे’ म्हणून एकमेकांच्या विनवण्या करतो.

तरी ‘कटान’ ही अर्धवेळ नोकरी. पूर्णवेळ राबायचं असेल तर उवे रोझेनबर्ग यांचा ‘अ‍ॅग्रिकोला’ घ्यावा. काळ १६७०च्या सुमाराचा, प्रदेश मध्य युरोपचा, प्लेग नुकताच सरलेला. आपल्याकडे दोन खोल्यांचं लाकडी घर, एक नवरा आणि एक बायको. चौदा फेऱ्यांत सहा सुग्या येतात, आणि प्रत्येक सुगीला घरच्यांना पोटभर घालावं लागतं. कमी पडलं तर भिकेचं कार्ड मिळतं, एकेका कार्डाला तीन गुण वजा. सुरुवातीला मूल हवं असेल तर आधी जादा खोली बांधावी लागते. आम्ही चार भावंडं दीड खोलीत वाढलो. हा नियम आमच्या वडिलांना लागू असता, तर हा लेख लिहायला मी नसतोच. पडीक ठेवलेल्या प्रत्येक चौकोनाला एक गुण वजा होतो. आमच्या कोकणातल्या सामाईक जमिनीला हा हिशेब लावला, तर सगळं घराणं शून्याच्या बरंच खाली जाईल.

हा खेळ पहिल्यांदा मांडला त्या रात्री मी दोन शेतं नांगरली, गव्हाचं बी पेरलं, मेंढ्यांना कुंपण घातलं. बायको सगळं शांतपणे बघत होती. म्हणाली, “बाल्कनीतल्या तुळशीला तांब्याभर पाणी घाल म्हटलं, की तुझी कंबर धरते.”

थोडा विरंगुळा हवा म्हणून ‘गोवा’ नावाचा खेळ मागवला. रुडिगर डॉर्न यांचा, २००४ सालचा. डबा उघडला तर आत मिरी, आलं, लवंग, जायफळ, दालचिनी, जहाजं आणि लिलाव. ना किनारा, ना फेणी, ना माशांचं ताट. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगिजांची मालवाहतूक तेवढी आमच्या गळ्यात. गोव्याला जाऊनही काम करून परत येणारं आमचंच एक कुटुंब असेल.

मग निदान स्पर्धा नको, एकोप्यानं खेळू, म्हणून मॅट लीकॉक यांचा ‘पँडेमिक’ आणला. हा २००८चा. जगाच्या नकाशावर अठ्ठेचाळीस शहरं, चार रोग, आणि सगळे खेळाडू एका बाजूला. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. अशा खेळात एक धोका असतो: कुणी तरी एक जण सगळ्यांच्या वतीनं खेळायला लागतो. आमच्याकडे ती जागा आत्यानं मुलाखतीशिवाय मिळवली. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे. “तू डॉक्टर ना? मग मुंबईला जा. आणि तू रे, शास्त्रज्ञ, कार्डं लपवू नकोस.” तिनं आम्हाला तासभर खंडाखंडांतून पळवलं. जग वाचलं नाही, पण शिस्त लागली. नकाशात मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता आहेत आणि पुणं नाही, हे तिनं शेवटी ताडलं. रोगांची पुण्यात यायची टाप नाही, असा त्याचा तिनं अर्थ लावला.

खेळ सुरू होण्याआधीचं काम तर वेगळंच. नियमपुस्तिकेचं वाचन सत्यनारायणाच्या पोथीसारखं चालतं. एक जण मन लावून वाचतो, बाकीचे प्रसादाकडे बघत माना डोलावतात. मग पुठ्ठ्याच्या ताटांतून शेकडो चकत्या सुट्या करायच्या, रंगवार पिशव्यांत भरायच्या, प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं पाकीट चढवायचं. हे भांडारपालाचं काम मी दारं लावून करतो. ‘ग्लूमहेवन’चा डबा सुमारे दहा किलोचा. तो तीन मजले चढवून आणलेल्या कुरिअरवाल्यानं विचारलं, “साहेब, फरशीचं काम काढलंय का?” तो डबा सध्या कपाटाच्या वरच्या खणात आहे. तिथं प्रलंबित प्रकरणं असतात. बायको म्हणते, “आधीचे खेळून संपव, मग नवे आण.” कोणत्याही कचेरीत काम अशा क्रमानं होत नाही, हे तिला कोण सांगणार?

या सगळ्याला खरा रंग चढला तो सासरे आले तेव्हा. नाना जन्मभर वीजखात्यात होते. त्यांचा मान राखावा म्हणून मी ‘पॉवर ग्रिड’ काढला. फ्रीडेमान फ्रीझे यांचा हा खेळ २००४चा. लिलावात वीजकेंद्रं घ्यायची, बाजारातून कोळसा, तेल, कचरा, युरेनियम आणायचं, आणि शेवटी ज्याची जास्त शहरं उजळतील तो जिंकला. नानांनी चष्मा पुसला आणि चौकशी सुरू केली.

“जावईबापू, गळती कुठं धरलीय?”

“नाही धरलेली, नाना.”

“आणि गुरुवारची देखभाल?”

“तीही नाही.”

“मग हे खातं चालतं कसं?”

जो पुढे असेल त्याला इंधन सगळ्यांत शेवटी आणि म्हणून महाग मिळतं, हा नियम ऐकून ते प्रथमच हसले. “म्हणजे पुढे जायचं, पण दिसू द्यायचं नाही. हे जमेल.” अडीच तास ते मुद्दाम एक शहर मागे राहिले, स्वस्तात कोळसा भरत राहिले, आणि शेवटच्या फेरीत एका दमात सगळ्यांच्या पुढे गेले. या खेळाला आपल्या उपखंडाचाही नकाशा आहे, २०१३चा. त्यात हावरटपणे एकदम फार शहरं जोडली की वीज जाते. हे कळल्यावर त्या जर्मन माणसाबद्दल नानांचं मत एकदम चांगलं झालं.

घरचे विचारतात, यात एवढं काय आहे? मला वाटतं, हे काम संपतं. कचेरीत वर्षानुवर्षं राबूनही आपण नक्की किती शेतं नांगरली, किती शहरांत उजेड पाडला, हे कुणी मांडून दाखवत नाही. इथं साडेअकराला शेवटची फेरी होते, बेरीज होते, कोण जिंकलं ते सगळ्यांसमोर ठरतं आणि सगळं खातं डब्यात बंद होतं. नानांना हे पटलं असावं, कारण आता ते दर रविवारी वेळेआधी हजर असतात. परवा नियमपुस्तिका उलटसुलट चाळत बसले होते. म्हणालो, “काय शोधताय, नाना?”

“बाकी सगळं सापडलं हो,” ते म्हणाले, “पेन्शन कुठल्या फेरीपासून सुरू होते, ते पान दाखवा.”