समितीचे भाऊ

मूल तालुक्यातल्या कोणत्याही गावात अंगणवाडी शोधायची असेल तर रंगवलेली भिंत शोधू नका, दारापुढे आडवी लावलेली मोटारसायकल शोधा. ती समितीच्या भाऊंची. लेकरं तिला वळसा घालून आत जातात, कारण भाऊ आत लेकरांच्याच हिताचं काहीतरी बोलत असतात.

भाऊंचं वय पस्तीस ते पंचावन्नच्या मधलं काहीही. गळ्यात दुपट्टा, खिशात दोन पेन, त्यातला एक चालू. त्यांचं धाकटं अंगणवाडीत असतं. नसलं तर पुतण्या असतो. तोही पहिलीत गेला तर भाऊ ‘माजी पालक’ म्हणून कायम होतात. पद विचारलं की ‘ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती’ हे नाव एका दमात म्हणतात. एवढं म्हटल्यावर साहजिकच दम लागतो, आणि समितीचं काम पुढच्या बैठकीवर जातं.

पश्चिम महाराष्ट्रात सहकार म्हटला की ऊस आठवतो. आमच्या धानाच्या मुलुखात तो अंगणवाडीत सापडतो. मानधन सरकारचं, खोली ग्रामपंचायतीची, खिचडी बचत गटाची, लेकरू आईचं आणि सूचना भाऊंच्या. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, हे भाऊंना तोंडपाठ आहे. त्यामुळे दर गांधी जयंतीला त्यांना दोन भाषणं एकाच हारात उरकता येतात.

त्या तारखेच्या आधीचं मात्र त्यांना फारसं कुणी सांगितलेलं नाही. म्हणून एकदा मीच सांगायला बसलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडची मुलं गुरं राखायला जात, तर शाळा कुरणात भरवली. भाऊ मान डोलवत होते. म्हणून मी पुढे सरकलो. त्याच 1945 मध्ये इटलीत, रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यातल्या लोकांनी महायुद्ध संपताच, माघार घेतलेल्या जर्मन सैन्याचा रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून लेकरांची शाळा बांधायला घेतली.

भाऊ गंभीर झाले. “रणगाड्याची पावती कोणाच्या नावानं फाडली जी?”

शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बायकांनी 1916 मध्ये एकत्र येऊन, पाळीपाळीनं मुलं सांभाळत आपली शाळा चालवली, हे ऐकून तर त्यांनी दुपट्टाच झटकला. “बायांनी? मंग अध्यक्ष कोण होता?”

भाऊ काही करत नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. खिचडीची चव बघायला ते न चुकता येतात. पहिला घास घेतात, डोळे मिटतात आणि विचारतात, “दादाजी खोब्रागडेंनी नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या बांधीत एचएमटी धान शोधला. त्याच आपल्या जिल्ह्यातल्या लेकरांनी हा तांदूळ खावा काय?” प्रश्न बिनतोड असतो. तो विचारून होईपर्यंत दुसरी वाटीही संपलेली असते. भाऊंच्या घरी एचएमटीची पोती छताला लागलेली आहेत. त्यातला पायलीभर अंगणवाडीत आणावा, हा विषय मात्र अजून एकाही बैठकीच्या पत्रिकेवर आलेला नाही.

सप्टेंबरात पोषण माह लागला की भाऊंचं तेज वाढतं. परसबागेतलं तण काढायला माणूस हवा असतो, तेव्हा भाऊ बॅनर छापायला मूलला गेलेले असतात. बॅनरवर मोठे साहेब, मधले साहेब आणि कोपऱ्यात हात जोडलेले भाऊ. पोषण ज्यांचं करायचं ती लेकरं जागेअभावी गळतात. त्या बॅनरखाली मांडलेला तरोटा, वास्ते, घरामागून खुडलेला सांबार हे सगळं आयांनी पदरात बांधून आणलेलं असतं. फोटो काढताना भाऊ त्यांना सांगतात, “वहिनी, जराशा बाजूला व्हा, बॅनर झाकते.”

रोवण्याच्या दिवसांत तर गावात पालक नावालाही दिसत नाहीत. बाया पहाटेच चिखलात उतरलेल्या असतात. लेकराला पोहोचवायला आजी येते, आणि पावसानं थांबवलं तर तिथंच बसून दोन नाकं पुसते, एक भांडण सोडवते, कोणाची चड्डी बदलते. वाघाची खबर असली की घरी राहिलेल्या चार बाया साऱ्या टोल्यातली लेकरं घोळक्यानं आणतात नि घोळक्यानंच नेतात. आमच्याकडे ही खबर गोष्टीतली नसते. मदतनीस आजारी पडली तर कोणीतरी शेजारीण येऊन चूल पेटवते आणि धान निंदायला निघून जाते. यातल्या एकीचीही कुठं सही नाही. सहीच्या रकान्यात भाऊ आहेत, तेही मागच्या तारखेपासून.

सेविका मॅडम हे सगळं पाहतात आणि गप्प राहतात, कारण त्यांना मोबाइलवरही माहिती भरायची असते नि कागदावरही. एकदा मात्र पालक मेळाव्यात त्यांनी डाव टाकला. “भाऊ, आज पालकांनी लेकरांसोबत खाली बसून गोष्ट सांगायची आहे. वरूनच तसं आलं आहे.” वरून आलेलं भाऊंना मोडता येत नाही. खुर्ची सोडून ते सतरंजीवर आले. गुडघे दोन टप्प्यांत वाकले. समोर वीसेक डोकी. भाऊंनी घसा खाकरला. “सन्माननीय व्यासपीठ...”

लेकरांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी तोंड उघडलं की टाळ्या वाजवायच्या, एवढं शालेयपूर्व शिक्षण त्यांचं पूर्ण झालेलं होतं.

“भाषण नोको,” पुढच्या एका पोरीनं सांगितलं. “अस्वलाची गोष्ट सांग.”

आता, भाऊ तरुणपणी गावच्या नाटकात खलनायकाचं काम करायचे. झाडीपट्टीत मंडईच्या रात्री हजार-हजार माणसांपुढे खर्जात हसायला कलेजा लागतो. तो इतकी वर्षं पावतीबुकाखाली दबून होता. भाऊंनी दुपट्टा डोक्यावरून ओढला, हातांवर आले आणि मोहफुलं खाऊन सुस्तावलेलं अस्वल सतरंजीभर फिरू लागलं. ते गुरगुरलं. ते आपटलं. ते तांदळाच्या डब्यामागं लपलं. दोघं पाठीवर बसले, एकानं कान धरला, एक कोपऱ्यात रडायला लागलं तर अस्वलानंच त्याला मांडीवर घेऊन गप्प केलं. अर्ध्या तासात भाऊंच्या दोन्ही पेनांची टोपणं गेली नि शर्टावर खिचडीचे पाच पंजे उमटले. दारातून आया तोंडाला पदर लावून बघत होत्या. आज त्यांना बाजूला व्हा म्हणणारं कोणी नव्हतं.

धापा टाकत उठल्यावर भाऊंना पदाची आठवण झाली. मॅडमनी रजिस्टर उघडलेलं बघून ते घाईनं पुढं आले आणि हळूच म्हणाले,

“मॅडम, आजचं इतिवृत्तात नोका घेऊ जी. सहभाग कायचा आला, लेकरायसंग नुसता खेळच झाला.”