पंचेचाळीस अंशांवरची हिरवळ

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घराला, म्हणजे लाकडी सरांवर व फळ्यांवर मातीचा जाड थर देऊन सपाट छत केलेल्या घराला, मोकळ्यावरच्या बैठकीसाठी सजावटकाराची गरज कधी भासली नाही. दिवसा ओटा आणि रात्री धाबे एवढ्यावर भागत असे, आणि फर्निचर म्हणावे तर एक विणलेली बाज, जी सावली सरकेल तशी उचलून सरकवता येई. जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींतील चार फुटी बाल्कनीत मात्र कृत्रिम हिरवळ, लोखंडी खुर्च्या आणि काचेचे टेबल अशी मांडणी रूढ होत आहे, आणि ती ज्या छायाचित्रांवरून उचलली जाते ती उन्हाला आसुसलेल्या थंड देशांतली असतात, याची चौकशी करण्याची प्रथा नाही. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खरे गवत पानांवाटे पाणी वाफेच्या रूपाने सोडून काहीसे गार राहते, प्लास्टिकचे गवत तो उद्योग करीत नाही, त्यामुळे दुपारी त्यावर अनवाणी उभे राहणे हे व्रतवैकल्यांत मोडते. लोखंडी खुर्चीविषयी न बोलणेच सभ्यपणाचे. सुदैवाने त्या दिवसांत बैठक मोकळी नसतेच, कारण गव्हाच्या चिकाच्या कुरडया आणि बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत पडलेले असतात आणि काचेच्या टेबलाला प्रथमच काही काम मिळते. खर्च करावयाचाच असेल, तर पश्चिमेला वाळ्याचा पडदा लावावा आणि माळ्यावरची बाज खाली काढावी.