पायलीचे किलो

साताऱ्यातल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे सांगलीच्या मावशीनं फोनवर भडंगाची कृती सांगितली तेव्हा मी ती ऐकली नाही, सोडवली.

"पायलीभर चुरमुरं घे. दोन मुठी शेंगदाणं, लसणाचं दोन गड्डं, कढीपत्ता, वाटीभर त्याल, आन् तिखट-मीठ अंदाजानं."

अंदाज हा शब्द मी खोडला. पायलीचे शेर चार. शेराचे तोळे ऐंशी. तोळा ११.६६ ग्रॅमचा. उत्तर आलं ३ किलो ७३१ ग्रॅम. खाली दोन रेघा मारल्या आणि दुकानात गेलो.

दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्यानं एक पोतं भरलं, मग दुसरं उघडलं. "सर, घरात कार्य हाय का?" मी म्हटलं, "नाही रे, चहाबरोबर खायला." तो गप्प बसला. शाळेतही उत्तर चुकलेलं कळलं की तो असाच गप्प बसायचा, पण तेव्हा त्याचं चुकलेलं असायचं.

चुरमुरे स्वयंपाकघरात मावेनात. हरिपूरला हळद साठवायला जमिनीत पेवं असायची, तसं एखादं आमच्या अंगणात असतं तर निभावलं असतं. बायकोनं कढईकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. वाटीभर तेलात एवढं भडंग लाल व्हायचं सोडून नुसतं लाजल्यासारखं गुलाबी झालं. आठवडाभर आळीतली पोरं आम्हाला चुकवून जात होती.

मावशीला फोन केला. ती इतकी हसली की मध्येच ठसका लागला. "आरं येड्या, पायली म्हंजी माप! काट्यावर कुठं घालतोस?"

चूक तिथं होती. शेर दोन होते, एक काट्याचा आणि एक मापाचा, आणि नाव मात्र एकच. काट्याचा शेर ऐंशी तोळ्यांचा, मग त्यात लोखंड घाला नाहीतर कापूस. मापाच्या शेरात जे मावेल ते. तांदळाचा शेर उचलताना हात खाली जातो, चुरमुऱ्याचा शेर फुंकरीनं उडतो. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात किलोची वजनं यायला लागली. मावशीच्या फडताळात ती अजून पोचायची आहेत. तिथं चिपटं आहे, त्याच्या दुप्पट मापटं, आणि दोन मापट्यांचा शेर. मापटं पितळी, काठाला पोचा आलेला. तो पोचा हिशोबात धरायचा असतो. (नव्या सुनेनं उंबऱ्यावरचं माप लवंडायचं असतं. काटा लवंडायला कुणी सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.)

पुढं सांगलीला गेलो तो खिशात बॅटरीचा काटा घेऊनच. मावशी चुरमुरे मोजत होती. पहिलं माप "लाभ" म्हणून ओतलं, मग दोन, तीन. एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. प्रत्येक मापावर शीग लावलेली, टोकाचा चुरमुरा घसरून पडेपर्यंत. एखादी गोष्ट शिगेला पोचते म्हणजे नक्की कुठं पोचते, ते निवृत्त झाल्यावर कळलं.

"मावशी, एक मूठ शेंगदाणे इथं टाक," मी काटा पुढं केला.

४२ ग्रॅम. पुन्हा टाकायला लावली. ३५. तिसऱ्यांदा २७.

"बघ," मी म्हटलं, "तीन मुठी, तीन उत्तरं!"

"तिन्ही बरोबर हायती. पयली पावण्यांची, दुसरी घरची. तिसरी तू टक लावून बसलास म्हणून आखडली," असं म्हणून तिनं काट्यावरचे सगळे दाणे कढईत ओतले आणि काटा मला दाण्यांच्या फोलपटांसकट परत दिला.