चढाईपटूचा भाव

अमेरिकेत कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देतात. २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर एकेका विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर वाटायची मुभा मिळाली. कॉलेज बदलायचं, तर ऑनलाइन पोर्टलवर नाव टाकायचं. जिंतूरकरांना याचं कसलं नवल? आपलं पोर्टल म्हणजे टीसी, आणि बोलणी येलदरी रोडच्या टपरीवर.

"सर, फी माफ, हॉस्टेल फुकट. पण हजेरीचं काय?"

"तू नुसती चढाई कर रे, बाकीचं आम्ही बघतो."

झाला करार! एक एम.ए. संपवून गडी दुसऱ्या एम.ए.ला बसतो. विषय कोणता, हे हॉलतिकीट आल्यावर कळतं. नांदेड विद्यापीठाची ढाल आली, की बॅनरवर साहेब हातभर आणि खेळाडू पासपोर्ट साइज. प्रो कबड्डीत २०१४पासून उघड लिलाव होतो. तिथं निदान खेळाडूला स्वतःचा भाव तरी कळतो. डॉलर राहू द्या, नांदेडला एसटीनं जाऊन आलेल्या पोराला प्रवासभत्ता त्याच वर्षी मिळाला, तरी आमच्याकडं ती क्रांतीच ठरेल.